मोबाइलबद्दलचे काही चिवट गैरसमज

शून्यमात्रा:

मोबाइलविषयीची काही ढकलपत्रं (पुढे ढकलले जाणारे फॉरवर्ड) आता मतदान करण्याइतकी मोठी झाली आहेत. ‘*३३७०# दाबा, कंपनीने लपवून ठेवलेली बॅटरी मोकळी होते’ हे त्यांतलं आद्य. कोड खरा होता, जुन्या नोकिया फोनांवर चालायचाही. फक्त त्याने आवाज सुधारणारं कोडिंग सुरू व्हायचं आणि बॅटरी उलट जास्त खर्च व्हायची.

मी रेडिओ नेटवर्कच्या आखणीच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत. लोकांशी बोलताना एक गोष्ट सारखी दिसते. नेटवर्कने केलेलं काम आपण फोनच्या नावावर मांडतो, फोनने केलेलं उपग्रहाच्या, आणि मग पुढचं सगळं गणित चुकतं. सुरुवात मी करतो, भर तुम्ही घाला.

आधी उपग्रह. नेहमीच्या मोबाइल कॉलशी त्यांचा काही संबंध नसतो. हवेतली वाट फक्त फोनपासून टॉवरपर्यंत, बहुतेक वेळा दोनचार किलोमीटरच्या आतली. पुढे फायबर, नाहीतर टॉवरवरच्या त्या गोल तबकड्यांमधून मायक्रोवेव्ह. परदेशी फोन लावलात तरी आवाज बहुतेक वेळा समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधूनच जातो. दोघं एकाच बाकावर बसून एकमेकांना फोन लावत असले तरी आवाज आधी टॉवरवर जातो, तिथून कंपनीच्या यंत्रणेत आणि मग परत शेजारच्या फोनवर.

उपग्रह येतात ते जीपीएसमध्ये, आणि तिथेही वाहतूक एकतर्फी असते. सुमारे २०,२०० किमी उंचीवरून ते फक्त ‘आत्ता माझ्याकडे इतके वाजले, मी इथे आहे’ एवढंच सांगत राहतात. फोन ऐकतो आणि स्वतःची जागा स्वतः काढतो. निदान चार उपग्रह लागतात. तीन जागेसाठी आणि चौथा फोनचं घड्याळ पुरेसं अचूक नसतं म्हणून. तुम्ही कुठे आहात हे त्या उपग्रहाला कधीच कळत नाही. विमान मोडमध्येही बहुतेक फोनांचं जीपीएस चालतं, आधी उतरवलेला नकाशा असला की झालं.

दुसरा गैरसमज, ‘माझा नंबर सिममध्ये असतो.’ सिममध्ये सोयीसाठी नंबर लिहून ठेवता येतो, पण नेटवर्क त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. सिममध्ये दोन मुद्देमाल महत्त्वाचे. एक, १५ आकडी ओळखक्रमांक, जो तुम्ही कधी डायल करत नाही. दुसरा, एक गुप्त किल्ली. फोन चालू केला की नेटवर्क एक वाटेल तो आकडा पाठवतं, सिम तो किल्लीशी घोळवून उत्तर देतं, तिकडे कंपनीही तेच गणित करते. दोन्ही उत्तरं जुळली की प्रवेश. किल्ली हवेतून एकदाही जात नाही. आणि हा ओळखक्रमांक म्हणजे अमुक मोबाइल नंबर, ही जोडी कंपनीच्या नोंदवहीत असते. म्हणून सिम हरवलं तरी नव्या सिमवर जुना नंबर मिळतो.

याची काळी बाजूही तीच. भामट्याला तुमच्या फोनला हात लावावा लागत नाही, ‘माझं सिम हरवलं’ असं तुमच्या नावाने कंपनीला पटवलं की जोडी बदलते आणि ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात. तुमच्या फोनची सेवा एकाएकी गेली आणि शेजारी त्याच कंपनीचा फोन व्यवस्थित चालू आहे असं दिसलं, तर ‘येईल थोड्या वेळात’ म्हणून बसू नका. दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला कळवा.

खडूफळा:

रुमाल टाकतोय, सविस्तर रात्री वाचेन. तोवर एक शंका. समोरचा फोन कधी ‘बंद आहे’ असं सांगतात, कधी ‘संपर्कक्षेत्राबाहेर आहे’. हा फरक त्यांना कळतो कसा? आमच्याकडे यावरून भांडणं होतात.

शून्यमात्रा:

फोन रीतसर बंद केला की विझण्याआधी तो नेटवर्कला ‘निघालो’ असा निरोप देतो. नोंद झाली की नंतर आलेल्या कॉलसाठी नेटवर्क शोधायचे कष्टही घेत नाही, थेट ‘बंद आहे’ सांगतं. पण बॅटरी काढली किंवा फोन घेऊन तळघरात गेलात, तर निरोप जात नाही. नेटवर्कच्या लेखी तुम्ही हजरच असता. ते त्या भागातल्या सगळ्या टॉवरांवरून तुमच्या नावाचा पुकारा करतं, उत्तर येत नाही, मग ‘क्षेत्राबाहेर’. फोनने ठरावीक काळाने हजेरी लावायची असते. ती चुकली की काही वेळाने नेटवर्क आपणहून गैरहजेरी मांडतं आणि संदेश बदलू शकतो. त्यात कुठल्या कारणाला कुठला संदेश वाजवायचा हे प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने ठरवते. तेव्हा ‘मुद्दाम बंद करून ठेवला होतास’ हा आरोप त्या ध्वनिमुद्रित बाईंच्या साक्षीवर टिकायचा नाही.

याच्याच जोडीचा गैरसमज म्हणजे खिशातला फोन सतत टॉवरशी बोलत असतो. कॉल नाही, डेटा नाही अशा वेळी त्याचा रेडिओ जवळजवळ झोपलेला असतो. ४जीमध्ये साधारण १.२८ सेकंदांनी क्षणभर जागा होऊन आपलं नाव पुकारलं जातंय का ते ऐकतो आणि परत झोपतो. तेव्हा नेटवर्कला तुमचा टॉवरही माहीत नसतो, टॉवरांचा एक गट तेवढा माहीत असतो. अर्थात हल्ली अ‍ॅप्स फोनला स्वस्थ झोपू देत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

नादखुळी:

ध्वनिमुद्रण हा माझा धंदा, म्हणून मध्ये तोंड घालते.

फोन लावल्यावर आपल्या कानात जी ट्रिंग वाजते ती समोरच्या फोनची घंटा नसते. तिकडची घंटा तो फोन वाजवतो, इकडची बहुधा नेटवर्क ऐकवतं, आणि दोन्ही एका तालात असतातच असं नाही. ‘पाच रिंगा झाल्या तरी उचलला नाहीस’ आणि ‘एकदाच वाजला’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

त्याहून मजेशीर गोष्ट आवाजाची. आपला आवाज जसाच्या तसा पलीकडे जात नाही. फोन बोलण्याचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याचं वर्णन पाठवतो. घशातून किती उंचीचा स्वर निघतोय, तोंडाच्या पोकळीचा आकार त्याला कसं वळण देतोय, साधारण अशा स्वरूपाचं. पलीकडचा फोन त्या वर्णनावरून आवाज नव्याने बनवतो. लँडलाइनच्या यंत्रणेत आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट लागायचे, मोबाइलवर १२.२ मध्ये भागलं ते यामुळे. कॉल होल्डवर ठेवल्यावर लावलेली सतार फुटक्या पिपाणीसारखी का वाजते, त्याचंही उत्तर इथेच आहे. ही यंत्रणा माणसाच्या घशासाठी बेतलेली, ती सतारीलाही घसा समजून तिचं वर्णन करते.

आणि माझी सर्वांत आवडती लबाडी. समोरचा बोलायचा थांबला की त्याचा फोन जवळजवळ काहीच पाठवत नाही. बॅटरी वाचते, हवेतली गर्दी कमी होते. पण एकदम ठार शांतता झाली की ऐकणाऱ्याला वाटतं कॉल कटला. म्हणून तिकडच्या खोलीतला गोंगाट साधारण कसा आहे एवढं अधूनमधून कळवलं जातं आणि तसा बारीक ‘स्स्स’ तुमचाच फोन तयार करून तुमच्या कानात सोडतो. मधल्या शांततेत ऐकू येणारी ती खरखर बनावट असते. पुढच्या वेळी कान देऊन ऐका, समोरचा बोलायला लागला की ती किंचित बदलते.

काळजीवाहू:

माहिती छान, पण मूळ प्रश्नाला सगळे बगल देतायत. आमच्या समोरच्या गच्चीवर टॉवर आहे. तो हटवावा म्हणून आम्ही सह्या गोळा करतोय. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच मोबाइलच्या लहरी कर्करोगकारक ठरवल्या ना? की तेही ढकलपत्र?

शून्यमात्रा:

ढकलपत्र नाही, पण अर्धवट आहे. मे २०११ मध्ये त्या संघटनेच्या कर्करोग संशोधन विभागाने रेडिओ लहरींना ‘२ब’ गटात टाकलं. म्हणजे ‘शक्यता नाकारता येत नाही, पुरावा मर्यादित.’ ‘ठरवलं’ वेगळं. त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलंय. याच संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये आला, त्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही.

आता टॉवर. लोकांना वाटतं टॉवर लांब गेला की लहरी कमी. तुमच्या डोक्याशी सर्वांत जवळचा ट्रान्समीटर गच्चीवर नसतो, हातात असतो. आणि तो किती जोरात बोलणार हे टॉवर किती लांब आहे त्यावर ठरतं. ४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटने पाठवतो, जुने २जी फोन २ वॅटपर्यंत जायचे. टॉवर जवळ असला की फोन याच्या शेकडो पटींनी कमी ताकदीत काम भागवतो. ३जीमध्ये तर ‘आवाज कमी कर, वाढव’ हा हुकूम टॉवरकडून सेकंदाला १५०० वेळा सुटायचा. टॉवर हटवलात की इमारतीतला त्या कंपनीचा प्रत्येक फोन जास्त जोर लावणार, बॅटरीही लवकर संपणार. शिवाय टॉवरचा झोत बराचसा आडवा, समोरच्या दिशेला असतो, थेट खाली फार कमी पडतो.

छोटे सेल (म्हणजे एकेका टॉवरचा इलाखा), कमी ताकद, आणि त्याच लहरी थोड्या अंतरावर पुन्हा वापरायच्या, ही कल्पनाच मुळात १९४७ मध्ये बेल लॅब्जमध्ये मांडली गेली. म्हणजे टॉवरांची संख्या वाढणं हे त्या योजनेतच आहे.

आणि लहर ‘तोडफोड’ करते का, हा वेगळा मुद्दा. डीएनएचे बंध तोडायला लागणारी ऊर्जा अतिनील किरणांच्या वरच्या टोकाला आणि क्ष-किरणांत असते. मोबाइलच्या लहरीच्या एका कणापेक्षा साध्या दिसणाऱ्या प्रकाशाच्या कणात लाखाहून अधिक पटींनी ऊर्जा असते. या लहरींचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे थोडीशी ऊब, आणि फोनवरच्या मर्यादा तिच्याच हिशोबाने घातल्या आहेत. ५जीलाही हेच लागू.

काळजीवाहू:

तुम्ही त्याच धंद्यातले, तुम्ही असंच सांगणार. टॉवर नियमात बसतो की नाही हे कोण मोजतं?

शून्यमात्रा:

हा प्रश्न मात्र रास्त आहे. मोजणी मागा, जरूर मागा. सरकारच्या दूरसंचार विभागाकडे तशी सोय असते आणि अहवाल बघायला मिळायला हवा. सह्या त्यासाठी गोळा केल्यात तर पहिली माझी.

खडूफळा:

काकू/काका, कृपया हलके घ्या, पण गच्चीवर टॉवर असून तुम्हाला रेंज कशी आहे?

काळजीवाहू:

काका. आणि घरात सिग्नलची एकच दांडी, हाच तर संताप आहे.

शून्यमात्रा:

टॉवर कदाचित दुसऱ्या कंपनीचा असेल, किंवा झोत तुमच्या डोक्यावरून जात असेल. दांड्यांवर खाली लिहितो.

धोपटमार्गी:

फोन गुपचूप ऐकतो आणि जाहिराती दाखवतो, यावर कोणीच बोललं नाही. मला स्वतःला अनुभव आहे. गुडघेदुखीबद्दल नुसतं बोललो आणि गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात हजर.

पाटीपेन्सिल:

@धोपटमार्गी, अ‍ॅप्स तपासणं हे माझं रोजचं काम. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी १७,२६० अँड्रॉइड अ‍ॅप्स तपासली. मायक्रोफोन चोरून चालू करून आवाज बाहेर धाडणारं एकही सापडलं नाही. पण काही अ‍ॅप्स वापरणाऱ्याच्या स्क्रीनचं चित्रण तिसऱ्याच कंपनीला पाठवताना सापडली, आणि त्यावर कोणी ओरडलं नाही.

दिवसभराचा आवाज पाठवायचा तर डेटा आणि बॅटरी दोन्हीत लगेच दिसलं असतं. फोनला जागं करणारी ‘हे अमुक’ अशी हाक ओळखायचं काम फोनमधला एक छोटा भाग जागच्या जागी करतो. खरं म्हणजे त्यांना ऐकायची गरजच नाही. तुम्ही कुठे होतात, कोणाबरोबर एकाच वायफायवर होतात, त्याने काय शोधलं, एवढ्यावर भागतं. गुडघा तुमचा दुखत असेल, पण शोधलं बहुतेक घरातल्या दुसऱ्या कोणीतरी. आणि दिवसभरात ज्या जाहिराती अगदी गैरलागू येतात त्या कोण लक्षात ठेवतं?

आलेच आहे तर बॅटरीचंही उरकते. ‘पूर्ण संपवून मगच चार्ज करा’, ‘नवा फोन आठ तास लावून ठेवा’ हे सल्ले निकेल-कॅडमियमच्या काळातले. आताच्या लिथियम-आयन बॅटरीला पूर्ण रिकामं होणं आवडत नाही, आणि त्याहून उष्णता मानवत नाही. रात्रभर लावून ठेवल्याने फोन ‘जास्त भरत’ नाही, भरला की आतलं सर्किट पुरवठा थांबवतं. फक्त सतत १०० टक्क्यांवर आणि उशीखाली गरम राहणं वाईट. जास्त वॅटचा चार्जर फोनमध्ये वीज कोंबत नाही, किती घ्यायची ते फोन ठरवतो. चार्जर बनावट नसावा एवढंच. आणि तो अ‍ॅप्स वर सरकवून बंद करायचा चाळा सोडा. परत उघडताना फोनला ते अ‍ॅप पहिल्यापासून मांडावं लागतं, त्यात जास्त खर्च होतो.

नादखुळी:

+१. चाळा सोडवत नाही पण.

दर्यावर्दी:

समुद्रावर काम केलंय, त्यामुळे एक गोष्ट घालतो. ‘सिग्नल चांगला तर फोन लागणारच’ हाही गैरसमज. जुन्या २जी नेटवर्कवर किनाऱ्यापासून ३५ किलोमीटरच्या पुढे गेलं की फोनवर सिग्नल दिसला तरी कॉल लागत नसे. जहाजावर लोक वैतागायचे. कारण वेळेचं. एका लहरीवर आठ फोन आळीपाळीने बोलतात आणि प्रत्येकाने आपल्या वेळेतच पोचायला हवं. लांबच्या फोनला थोडं आधी बोलायला सांगतात, पण ‘आधी’ची ती सोय ६३ पायऱ्यांची, दर पायरी साधारण ५५० मीटर. हिशोब करा.

आणि ‘११२ लावा, नेटवर्क नसलं तरी उपग्रहावरून लागतो’ हे ढकलपत्र धोकादायक आहे. ११२ ला आपल्या कंपनीचं नेटवर्क नसलं तर दुसऱ्या कंपनीचं चालतं, हे खरं. कुठलंच नसेल तर कुठेही लागत नाही. काही नव्या फोनांत उपग्रहावरून मदत मागायची खास सोय आली आहे, आयफोनमध्ये २०२२ च्या मॉडेलपासून, तीही ठरावीक देशांत, आणि फोन आकाशाकडे रोखून धरावा लागतो. आपल्या फोनात ती आहे का हे डोंगरात जायच्या आधी बघा.

धोपटमार्गी:

विमान आणि पेट्रोल पंप?

शून्यमात्रा:

पंपावर मोबाइलमुळे आग लागल्याची एकही सिद्ध घटना नाही. अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने अशा आगींची माहिती गोळा केली तेव्हा कारण स्थिर विजेचं निघालं. नळी लावून गाडीत परत बसायचं, कपडे सीटवर घासले जायचे, उतरून नळीला हात लावला की ठिणगी. विमानाच्या बाबतीत अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाची १९९१ ची बंदी मुळात जमिनीवरच्या नेटवर्कला वाचवायला होती, कारण वरून फोनला एकदम ढीगभर टॉवर दिसतात. वैमानिकाच्या हेडफोनमध्ये घरघर येणं हे दुसरं कारण.

नादखुळी:

ती घरघर! फोन वाजायच्या क्षणभर आधी शेजारच्या स्पीकरमधून ‘टिर्रर्र-टिक-टिक’ यायचं आठवतंय ना? ते २जीचं. फोन सेकंदाला २१७ वेळा चालूबंद होत पाठवायचा आणि स्पीकरच्या तारा ते पकडायच्या. स्टुडिओत आम्ही त्यावरूनच ओळखायचो कोणाचा फोन चालू राहिलाय ते. ४जीवर ते जवळजवळ गेलं.

शून्यमात्रा:

आता काकांच्या दांड्या. चार दांड्या म्हणजे किती सिग्नल, याचं सर्वमान्य मोजमाप नाही. प्रत्येक उत्पादक आपापलं सूत्र लावतो. २०१० मध्ये आयफोन ४ च्या तक्रारींनंतर अ‍ॅपलनेच जाहीर केलं होतं की त्यांचं दांड्यांचं सूत्र चुकीचं आहे, कधीकधी दोन दांड्या जास्त दिसतात.

खरा आकडा डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) असतो आणि ऋण असतो. ४जीला -८० उत्तम, -११० रडतखडत, -१२० ला निरोप. दर दहा अंकांना ताकद दहापट बदलते, म्हणजे -८० पेक्षा -११० हजारपट क्षीण.

शिवाय दांड्या फक्त टॉवरचं आपल्याला किती ऐकू येतंय ते सांगतात. आपलं टॉवरला ऐकू जातंय का, हे त्यांत नाही. दुरून लाउडस्पीकर ऐकू येतो म्हणून आपली हाक तिथवर पोचेल असं नसतं. टॉवर वीसचाळीस वॅट, आपण ०.२. म्हणून दांड्या असूनही ‘हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का’ चालतं. आणि दांड्या भरलेल्या असून इंटरनेट सरकत नसेल तर बहुधा टॉवरवर गर्दी आहे, त्याचा सिग्नलच्या ताकदीशी संबंध नाही. ५जीचा बिल्ला दिसणं हेही तसंच. काही नेटवर्कांवर आसपास ५जी ‘उपलब्ध’ आहे एवढ्यावर तो झळकतो, त्या क्षणी काम ४जीवरच चाललेलं असतं.

काळजीवाहू:

तो डीबीएम कुठे दिसतो?

पाटीपेन्सिल:

अँड्रॉइडवर सेटिंग्ज, ‘फोनविषयी’, तिथे सिमची स्थिती. काही फोनांत नाव थोडं वेगळं असतं. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करा.

काळजीवाहू:

बघितलं. माझ्या फोनवर -१०९ आणि एक दांडी. सौ.च्या फोनवर, तीच कंपनी, तीच जागा, -११० आणि तीन दांड्या. आणि इतके दिवस ‘तुमचाच फोन भिकार’ हे मी ऐकून घेतोय.

शून्यमात्रा:

दोघांना सारखंच कमी ऐकू येतंय. टॉवरच्या बाजूच्या खिडकीशी उभं राहून परत बघा. तिथे -९५ च्या आसपास आलं तर भिंती सिग्नल खातायत. खिडकीशीही -११० च असेल तर तो टॉवर बहुधा तुमच्या कंपनीचा नाही, किंवा झोत डोक्यावरून जातोय. कुठल्याही परिस्थितीत घरात वायफाय असेल तर दोन्ही फोनांवर वायफाय कॉलिंग चालू करा. कॉल टॉवरऐवजी राउटरवरून जाईल आणि फोनला जोर लावावा लागणार नाही.